बेणणीचं यंत्र आमच्या वाडीत

गोराईहून भाजी होडीने बोरिवलीला न्यायची आणि येताना रिकाम्या पाट्या आणायच्या, हे आमच्या घरात तीन पिढ्या चाललंय. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्याच होडीतून उलट दिशेनं एक वेगळाच माल आला. ताडपत्रीत गुंडाळलेली लोखंडी चौकट, जाड टायरची चार चाकं, दोन बॅटऱ्या आणि एक काळी पेटी. होडीवाल्याने त्याला मोटरसायकलीचं भाडं लावलं. सोबत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. ओहोटीची वेळ होती, त्यामुळे चौकट वर चढवायला धक्क्यावरच्या दोन कोळी भावांनी हात लावला. त्यातल्या एकाने विचारलं, "ताई, हे काय नवीन?" मी म्हणाले, "बेणणीचं यंत्र. तण काढायचं." तो थोडा वेळ त्या चाकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि मावशी कुठे जाणार?"

मावशी म्हणजे आमच्याकडे बेणणीला येणारी बाई. पुढचे दोन हंगाम हा प्रश्न माझ्या डोक्यात होता, म्हणून तो आधी लिहून ठेवते.

आमची वाडी तीस गुंठ्यांची. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शेती आहे हे शहरातल्या लोकांना सांगितलं तरी पटत नाही, पण गोराई-मनोरीच्या पट्ट्यात अजून ती तग धरून आहे. पावसाळ्यात खालच्या खाचरात भात होतो. दिवाळीनंतर वरच्या पंधरा गुंठ्यांत भाजी: लाल माठ, हिरवा माठ, मुळा, पालक, वांगी, मिरची, थोडी भेंडी. पाणी विहिरीचं, एप्रिलनंतर मचूळ होत जातं. वरची जमीन रेताड आहे, खालची चिकण. बाबा गेल्यावर नोकरी सोडून मी वाडी बघायला लागले, त्याला आता नऊ वर्षं झाली.

तण काढायला आमच्याकडे बेणणी म्हणतात. घाटावर खुरपणी किंवा निंदणी म्हणतात तीच. उकिडवं बसायचं, डाव्या हाताने रोप सांभाळायचं, उजव्या हातातल्या खुरप्याने तण मुळासकट उचलायचं आणि वीतभर पुढे सरकायचं. दिवसभर हेच. पूर्वी जवळच्या पाड्यावरून चार बायका यायच्या. त्यांच्या मुली आता बोरिवलीत दुकानांत नि मॉलमध्ये कामाला जातात, सुना रिसॉर्टमध्ये. ते योग्यच आहे. राहिल्या दोघी, मावशी आणि तिची जाऊ. मावशीची साठी जवळ आली आहे. दिवसाला पाचशे रुपये, सकाळचा चहा आणि दुपारी भाकरी. मजुरी वाढली ही माझी तक्रार नाही. उन्हात उकिडवं बसून हात चालवणाऱ्या बाईला पाचशे रुपये जास्त होतात, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझी अडचण एवढीच होती की दोघींच्या हातांना पंधरा गुंठे आवरत नव्हते. माझ्या आईला डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आहे. बेणणीला आठ दिवस उशीर झाला की माठ तणाखाली जातो आणि मग त्यातून भाजी निवडायला दुप्पट वेळ लागतो.

तणनाशकाचा रस्ता मला घ्यायचाच नव्हता. पालेभाजी पेरल्यापासून महिन्याभरात कापायची असते. त्या महिन्यात फवारलेलं कुठे जाणार? शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांखेरीज कोणी करू नये, असं केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात जाहीर केलंय. दुकानात काय मिळतं आणि लोक काय मारतात ती गोष्ट वेगळी.

या मुलांना त्यांच्या प्रकल्पासाठी एक शेत हवं होतं, आणि नाशिकला दर आठवड्याला जाणं परवडत नव्हतं. भाच्याच्या ओळखीने ती माझ्याकडे आली. मी हो म्हणाले, एका अटीवर: पीक मोडलं तर ते माझं नुकसान, पण कुठे आणि का मोडलं ते मला कळलं पाहिजे.

यंत्र आधी समजून घेतलं. चौकट वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी चालते, वाफा तिच्या पोटाखालून जातो. मधोमध एक झाकण, त्यात खाली बघणारा कॅमेरा आणि दिवे. झाकणाला चारी बाजूंनी रबराची झालर, कारण ऊन आत आलं की सावल्या पडतात आणि सावलीला कॅमेरा पान समजतो. कॅमेऱ्यातलं चित्र काळ्या पेटीतल्या छोट्या संगणकाकडे जातं. तो ठरवतो, हे पीक, हे बाकीचं. मागे खुरप्यासारखी पाती जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर खाली चालतात. ओळींच्या मधली पाती सरळ जातात. ओळीतल्या दोन पात्यांना मोटर आहे. रोप आलं की ती बाजूला सरतात, रोप मागे गेलं की पुन्हा जवळ येतात. पहिल्यांदा हे बघताना आई म्हणाली, "अगदी मावशीच्या हातासारखं करतंय." हे तिने कौतुकानेच म्हटलं होतं.

दिशेसाठी सुरुवातीला त्यांनी जीपीएस लावला. साधा जीपीएस चार-पाच मीटर चुकतो, पण शेतात एक स्थिर खांब उभा करून त्याच्याकडून दुरुस्ती घेतली की चूक काही सेंटिमीटरवर येते. मोकळ्या माळरानावर हे उत्तम चालतं. आमच्या वाडीला दोन बाजूंनी ताड आणि नारळ आहेत. झाडांखाली आकाश झाकलं की यंत्राला आपण कुठे आहोत ते कळेनासं व्हायचं आणि ते मध्येच थांबायचं. दहा दिवस त्यात गेले. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि कॅमेऱ्यानेच ओळ बघत चालायचं ठरवलं.

आणि इथे पहिली गोची झाली. आमच्याकडे ओळच नव्हती.

माठ आम्ही फेकून पेरतो. मूठभर बी रेतीत मिसळून वाफ्यावर हात फिरवायचा. आजोबांपासून हेच. मुळा ओळीत, पण ती ओळ हाताच्या अंदाजाची, इकडे वीत तर तिकडे दीड वीत. वाफ्यांची रुंदी कुणीच मोजलेली नव्हती. यंत्राच्या चाकांमधलं अंतर मात्र ठरलेलं होतं. म्हणजे यंत्र वाडीत आलं आणि बदलायला लागलं मला. बारा वाफे मोडून पुन्हा आखले, पंचवीस मीटर लांब, सगळे एकाच रुंदीचे. दोन टोकांना खुंट्या, मध्ये सुतळी, सुतळीखाली काठीने चर, चरात बी. एका वाफ्यावर माठाच्या चार ओळी. मावशीच्या जावेने पहिल्या दिवशी सुतळी बघून विचारलं, "घर बांधताय का?" पण तिसऱ्या वाफ्याला तीच मला सांगत होती, "बाय, सुतळी ढिली हाय, ताण."

नंतर वाचलं की डेन्मार्कच्या फार्मड्रॉइड कंपनीने हाच विचार शेवटापर्यंत नेलाय. त्यांचं सौरऊर्जेवर चालणारं यंत्र स्वतःच पेरतं आणि प्रत्येक बी कुठे टाकलं याची नोंद ठेवतं. मग पीक उगवायच्या आधीसुद्धा ते तण काढू शकतं, कारण बी कुठे आहे ते त्याला आठवतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. बेणणीची सुरुवात पेरणीपासून होते ही गोष्ट मी तीन आठवडे घाम गाळून शिकले होते.

ओळीत पेरल्याचा एक तोटा सांगायलाच हवा. फेकून पेरलेला माठ दाट येतो आणि जमीन लवकर झाकतो. ओळीतला माठ मध्ये जागा सोडतो, तिथे तणाला ऊन मिळतं. म्हणजे यंत्रासाठी केलेल्या बदलाने तण थोडं वाढलंच. वाफ्यामागे भाजीच्या जुड्याही पहिल्या खेपेला कमी निघाल्या. पुढे ओळी जवळ घेतल्या तेव्हा ते भरून आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्राला तण म्हणजे काय हे शिकवायचं होतं.

मुलांनी पहिल्या पंधरवड्यात वाफ्यांचे काही हजार फोटो काढले. प्रत्येक फोटोत प्रत्येक रोपाभोवती रेघ ओढून सांगायचं, हे पीक, हे तण. असे पुरेसे फोटो दिले की संगणक स्वतः ओळखायला लागतो. पहिल्या दिवशी मुलं स्वतःच रेघा ओढत बसली. मी सहज डोकावले, तर मुळ्याच्या वाफ्यात घोळीला पीक म्हटलं होतं आणि कोवळ्या मुळ्याला तण. त्यांचा दोष नव्हता. दोन पानांवर असताना सगळंच सारखं दिसतं. मलाही खात्री वाटेना. आई म्हणाली, "मावशीला बोलव."

मग संध्याकाळी सहानंतर आमच्या ओटीवर बैठक बसायची. मधे लॅपटॉप, बाजूला मुलगी वही घेऊन, समोर मावशी आणि तिची जाऊ. पडद्यावर फोटो आला की मावशी पुढे वाकून बोट लावायची. "ही पाथरी. हा लव्हाळा, याची पात तिकोनी दांड्यावर असते, हरळीसारखी चपटी न्हाय. हा केना. ही दुधी, मोडली की चीक येतो. ही कुर्डू." कुर्डू आणि माठ एकाच कुळातले, त्यामुळे लहानपणी दोघांची चण एकसारखी. मुलगी विचारायची, "मावशी, कशावरून ओळखलं?" कधी मावशीला सांगता यायचं, कधी नाही. "दिसतंय की," म्हणायची. तेव्हा मुलगी फोटो मोठा करून पानाची कड, देठ, शिरा एकेक दाखवत जायची आणि मावशी म्हणायची, "हां, हे. इथं बघ." त्या दोघींची ती जोडी मी विसरणार नाही. एक शाळेत न गेलेली, दुसरी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, आणि दोघी एका पानाच्या कडेवर डोकं लावून बसलेल्या.

मुलीच्या वहीत सुरुवातीला दोन रकाने होते. तिसऱ्या संध्याकाळी ते तीन झाले. कारण मावशीने एका फोटोवर बोट ठेवून सांगितलं, "याला तण नको म्हणू. ही घोळ आमी खातो." बेणताना निघालेली घोळ, कुर्डूचे शेंडे, पाथरी, केन्याची पानं या बायका पदरात बांधून घरी नेतात. त्याची भाजी होते, केन्याची भजी होतात. कुर्डू आणि टाकळा पावसाळ्यात बोरिवलीच्या बाजारात जुडीने विकले जातात, आणि शहरातले लोक रानभाजी म्हणून हौसेने घेतात. तेव्हा रकाने असे झाले: ठेवायचं, काढून टाकायचं, काढून घरी न्यायचं. तिसरा रकाना यंत्राला देता आला नाही. त्याच्याकडे पाती आहेत, पदर नाही. मुलीने तो वहीत मात्र शेवटपर्यंत चालू ठेवला.

हिरव्या माठाने आम्हाला खूप रडवलं. लाल माठ सोपा, रंगावरूनच कॅमेरा ओळखतो. हिरवा माठ आणि काटेमाठ मात्र सख्खी भावंडं. काटेमाठाला पानाच्या बेचक्यात काटे येतात, पण ते मोठं झाल्यावर, आणि तोवर थांबलं तर बेणणीचा उपयोग काय? मावशी दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायची. यंत्र त्या जवळपासही पोचलं नाही. हिरव्या माठाच्या वाफ्यात आम्ही यंत्राला फक्त दोन ओळींच्या मध्ये चालवलं. ओळीतलं काम मावशीकडेच राहिलं.

पहिल्या पाच संध्याकाळी झाल्यावर मी मुलांना विचारलं, "मावशींच्या या कामाचे पैसे कोण देणार?" मुलं गोंधळली. प्रकल्पाच्या खर्चात मोटर होती, बॅटरी होती, कॅमेरा होता. तण ओळखून देणाऱ्या बाईसाठी रकमेचा कॉलम नव्हता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कुणाला सुचलंच नव्हतं. माझं म्हणणं साधं होतं. संगणकाला जे ज्ञान देताय ते इथे बसलेल्या दोन बायकांचं आहे, चाळीस वर्षं मातीत बसून मिळवलेलं. त्याची किंमत बेणणीच्या रोजापेक्षा कमी असू शकत नाही. पहिल्या आठवड्याचे मी दिले, एका संध्याकाळचा अर्धा रोज. नंतर त्यांच्या सरांनी क्षेत्र-सहायक म्हणून दोघींची नावं खर्चात घातली. मावशीने सही म्हणून अंगठा दिला आणि मुलगी म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी सही करू." त्यानंतर दर संध्याकाळी फोटो संपल्यावर पंधरा मिनिटं नाव गिरवण्याचं काम चालायचं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्र खऱ्या वाफ्यावर चाललं. मिरचीच्या पहिल्या वाफ्यात अकरा रोपं गेली. दव पडल्याने कॅमेऱ्याच्या काचेवर ओल धरली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी दहा वाजता, ऊन वर आल्यावर चालवलं. आमच्याकडे खाऱ्या हवेने काचेवर पातळ थर धरतो, तोही रोज पुसावा लागतो. पाणी दिल्यावर दोन दिवस यंत्र वाफ्यात घालायचं नाही, हे एकदा चाक रुतल्यावर शिकलो. एकदा ठिबकची नळी पात्यात सापडली आणि सहा मीटर कापली गेली. आता यंत्र घालायच्या आधी नळ्या एका बाजूला ओढून तारेच्या आकड्यांनी खोचून ठेवतो.

लाल माठ, मुळा आणि वांग्यात मात्र काम सुरेख झालं. तण अगदी बारीक, दोऱ्यासारखं असताना पाती फिरली की ते मातीवर पडतं आणि दुपारच्या उन्हात वाळून जातं. चार-पाच पानांचं झालं की पाती त्याला नुसती हलवतात. म्हणून दर सहा-सात दिवसांनी फेरी हवीच. बायकांची फेरी आम्ही पंधरा दिवसांनी घ्यायचो. यंत्राची सवय वेगळी लावावी लागली.

जानेवारीच्या मध्यावर मला दिसलं की वाफ्यांत घोळ वाढते आहे. आधीपेक्षा जास्त. मी मुलांना फोन करायच्या आधी मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "घोळ तोडायची नसते बाय, उपटून न्यायची असते. तोडली की तुकडा तुकडा धरतो." अगदी खरं. घोळीचा मांसल देठ ओल्या मातीवर पडला की त्याला मुळं फुटतात. केन्याच्या पेरांनाही तसंच. यंत्र घोळीचे तुकडे करून वाफाभर पसरवत होतं आणि आम्ही संध्याकाळी पाणी देऊन ते लावत होतो. हरळीचंही तेच. त्यानंतर नियम केला की घोळ आणि केना दिसलेल्या वाफ्यात आधी मावशी फिरेल, पदरात भाजी घेईल, मग यंत्र जाईल.

लव्हाळ्याविषयी वेगळं लिहायला हवं, कारण आमच्या रेताड जमिनीत त्याचंच राज्य आहे. वर दिसतं ते गवत. खाली गाठी असतात, एकीला दुसरी दोऱ्याने जोडलेली. वरचं कापलं की गाठीतून पुन्हा कोंब येतो, आणि एका आठवड्यात बोटभर उंच होतो. पहिल्या महिन्यात मुलं निराश झाली. आज साफ केलेला वाफा सोमवारी पुन्हा हिरवा. मी त्यांना बाबांचं सांगितलं. बाबा उन्हाळ्यात नांगरून गाठी उन्हात वाळवायचे, आणि उरलेला लव्हाळा सारखा सारखा कापत राहायचे, गाठीतली शिदोरी संपेपर्यंत. दर वेळी कोंब काढताना गाठ आपला साठा खर्च करते. माणसाला इतक्या वेळा वाकणं जमत नाही. यंत्र कंटाळत नाही. मार्चअखेर ज्या चार वाफ्यांत आठवड्याची एकही फेरी चुकली नाही तिथे लव्हाळा डोळ्यांना दिसेल इतका विरळ झाला होता. संपला नव्हता. पण नऊ वर्षांत मी त्याला मागे हटताना पहिल्यांदा बघितलं, आणि त्या दिवशी मी वाफ्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिले.

हिशेब मी वहीत ठेवला आहे. बारा वाफ्यांची एक फेरी हाताने करायला बाईला वाफ्यामागे अडीच तास, म्हणजे तीस तास लागायचे. यंत्राला वाफ्यामागे वीस मिनिटं, वळवणं धरून, म्हणजे चार तास. मागून ओळीतलं उरलेलं काढायला बाईला पन्नास मिनिटं, म्हणजे दहा तास. तीस तासांचे दहा झाले. सहा तासांचा दिवस धरला तर फेरीमागे दीड हजाराच्या वर वाचले. हंगामात आठ-दहा फेऱ्या. मुलांच्या यंत्राचे नुसते सुटे भाग दीड लाखाच्या घरात गेले होते, त्यांची मेहनत वेगळी. म्हणजे एकट्या वाडीने पैसे वसूल करायचे तर दहा वर्षं, आणि तोवर बॅटरी टिकणार नाही.

यावर लोक मला परदेशातले व्हिडिओ पाठवतात. अमेरिकेतल्या कार्बन रोबोटिक्सचं लेझरवीडर मीही बघितलंय. ट्रॅक्टरमागे जोडलेली अजस्र पेटी, कंपनीच्या 2022 च्या यंत्रात तीस लेझर, तणाच्या कोंबावर नेम धरून ते जाळतात आणि माती हलतसुद्धा नाही. लव्हाळ्यासाठी असं काही असतं तर, असं मलाही वाटलं. पण ती यंत्रं शेकडो एकरांच्या शेतांसाठी बनतात. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार आपल्या देशात एका शेतकऱ्याकडची सरासरी जमीन 1.08 हेक्टर होती. माझी वाडी त्याच्याही पाव हिश्श्याहून थोडीच मोठी. आपल्याकडेही प्रयत्न आहेत. बेंगळुरूच्या टार्टनसेन्स कंपनीने, आता तिला निको रोबोटिक्स म्हणतात, कॅमेऱ्याने बघून नेमक्या जागी फवारणारी यंत्रं केली. मला फवारणी नको आहे, पण छोट्या शेताला धरून कुणी विचार करतंय हे महत्त्वाचं.

मुलांची परीक्षा एप्रिलमध्ये आली आणि यंत्र ताडपत्रीखाली गेलं. पावसात ते चालत नाहीच. दुसऱ्या हंगामात एका कंपनीने आपलं तयार यंत्र वापरायला दिलं. दिसायला देखणं, वजनाने हलकं. पण ते इंटरनेटशिवाय सुरूच होत नव्हतं, आणि खाडीकडच्या कोपऱ्यात आमच्याकडे फोनची रेंज येत-जात असते. फेब्रुवारीत ते मिरचीच्या वाफ्याच्या मधोमध थांबलं. दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या शहरातून येणार होता. नऊ दिवस ते तिथेच उभं होतं आणि त्याच्याभोवती लव्हाळा वाढत होता. मी पेटी उघडू का विचारलं तर हमी रद्द होईल म्हणाले. त्या नऊ दिवसांत मावशी आणि तिच्या जावेने, मला न विचारता, रविवारीही येऊन तीन वाफे वाचवले. मुलांच्या यंत्राचा एक बोल्ट तुटला होता तेव्हा मी होडीने बोरिवलीला जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून तो आणला होता आणि दुपारी यंत्र चालू होतं. कोणी यंत्र घेऊन आलं तर मी आता वेग किंवा वजन विचारत नाही. आधी विचारते, बोल्ट कुठे मिळेल, आणि रेंज गेली तर चालेल का.

कंपनीचं यंत्र परत गेलं. मुलांचं जुनं यंत्र आमच्याकडे राहिलं. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते, पण दर हंगामाआधी येऊन जाते. मनोरीच्या दोन वाड्या आणि उत्तनची एक, असे चौघं मिळून ते वापरायचं या वर्षी ठरलंय. अडचण पुन्हा तीच, प्रत्येकाच्या वाफ्याची रुंदी वेगळी. परवा आम्ही चौघं एका ओटीवर बसून रुंदीवरून दोन तास वाद घातला. उत्तनच्या काकांचे वाफे त्यांच्या वडिलांनी आखलेले, ते मोडायला त्यांचं मन तयार नव्हतं. मला ते समजत होतं. शेवटी ते म्हणाले, "अर्धे वाफे बदलतो. अर्धे तसेच राहू दे."

यंत्र चालवायला कोण, हा प्रश्न मावशीच्या मुलीने सोडवला. ती मॉलमध्ये काम करते, सोमवारी तिला सुट्टी असते. गेल्या मार्चपासून ती सोमवारी येते. तिचा रोज मी सातशे ठरवला, कारण ते चालकाचं काम आहे. यंत्र पुढे, ती मागे रिमोट घेऊन, आणि तिच्या मागे तिची आई, ओळीतलं काढत. मावशी आता दिवसभर उकिडवी बसत नाही. काम आटोपलं की ती माझ्या आईबरोबर ओटीवर चहा घेते. धक्क्यावरच्या त्या भावाने मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तेव्हा मी त्याला हे सांगितलं. उद्या आणखी तीन वाड्यांत यंत्र गेलं की तिथल्या बायकांचं काय, तेही त्याने विचारलं. चौघांच्या बैठकीत ती गोष्ट मी रुंदीच्या आधी काढली होती. ठरलंय असं: ज्या वाडीत यंत्र जाईल तिथे पूर्वीच्याच बायका मागून फिरतील, आणि तण ओळखून देण्याच्या संध्याकाळींचे पैसे चौघं मिळून देतील. कागदावर लिहून घेतलंय.

भात कापून झालंय. उद्यापासून सुतळ्या बांधायच्या आहेत. अकरा वाफ्यांना. विहिरीजवळचा बारावा आईने मागून घेतला. तिथे ती मूठभर माठ फेकून पेरणार आहे, आणि त्यात जी घोळ येईल ती मावशीची.